चुलीतल्या अंड्याचा आळ

कोबी अर्धा चिरून झाला होता. पिंपात कोबीचा थर, त्यावर किसलेलं गाजर, मूठभर मीठ, की पुन्हा कोबी, असं चाललं होतं. देवमातेच्या पदराचा सण नुकताच झालेला. त्या दिवशी आमच्या गावात घरोघरी हिवाळ्यातली पहिली चूल पेटते, आणि सण सरला की कोबी पिंपात पडतो. बाहेर गवत गारठून पांढरं झालं होतं. तेवढ्यात पायरीवर कुणीतरी बूट आपटून चिखल झाडला.

"दून्या, आहेस का गं?"

साव्वा येगोरिच होते. टोपी काढून त्यांनी कोपऱ्यातल्या देवप्रतिमेपुढे क्रूस केला आणि बाकाच्या अगदी टोकाला टेकले. माझ्या घरात त्यांना असं पाहुण्यासारखं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझी चूल त्यांनीच बांधलेली आहे. खोलीच्या मध्यावर भिंतीसारखी उभी, वर दोघं आरामात झोपतील एवढी. इतके हिवाळे गेले, पण तिनं एकदा धूर ओकला असेल तर शपथ.

येगोरिच चुलींचे गवंडी. लहानपणी चुलत्याच्या हाताखाली अनवाणी माती तुडवायला लागले, आणि ती माती पायांना चिकटली ती चिकटलीच. मातीचा गोळा करून डोक्याइतक्या उंचीवरून फळीवर टाकायचे. गोळा फुटला तर माती परत तुडवायला. बोलणं कमी. मार्फा, त्यांची बायको, म्हणायची, "हा माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलतो, त्याच्या दुप्पट विटांशी बोलतो." मार्फा देवाघरी गेली, तेव्हापासून विटांशीही बोलणं कमी झालं असावं.

ते का आले, हे मला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी गावातल्या ग्लाशाकडे, माझ्या धर्मकन्येच्या आईकडे, नवी चूल बांधली. नव्या चुलीतून पहिला धूर निघाला की घरधणीण गवंड्याला टेबलाशी बसवते, माशाचं सारण भरलेला गरम पाव वाढते. ही रीत कुणी मोडत नाही. पण नेमकं त्याच दिवशी ग्लाशा पोरीची दाढ दुखते म्हणून तालुक्याला गेली, आणि येगोरिचना खिडकीत ठेवलेलं गार बटाट्याचं सूप पिऊन घरी जावं लागलं. ते काही बोलले नाहीत. बोलला तो गाव.

मग सणाला ग्लाशाची चूल पेटली, आणि घरात घाण सुटली. चूल गार असली की काही नाही, तापली की नासल्यासारखा वास. ग्लाशा दुकानात हातवारे करून सांगत होती, "नवऱ्याचे, आर्सेनीचे, लोकरी नमद्याचे बूट बाहेर काढले. मांजर बाहेर काढलं. आर्सेनीलासुद्धा बाहेर काढला! वास जिथल्या तिथं."

"कावळा मेला असेल धुरांड्यात," एकीनं सांगितलं.

"झाडून घेतलं की. काजळीशिवाय काही नाही."

"मग अंडं गं, अंडं. दुसरं काय?"

आमच्याकडची जुनी समजूत आहे ती. गवंड्याला उपाशी परत धाडलं तर तो धुरांड्याच्या गिलाव्यात कच्चं अंडं बसवून जातो. चूल तापली की अंडं नासतं, आणि घर नाक धरून बसतं. ग्लाशानं निरोप पाठवला, येऊन बघून जा. येगोरिचनी उलट निरोप धाडला, "चूल चांगली आहे. दारं उघडी ठेवा." स्वतः गेले नाहीत.

"चोराच्या मनात चांदणं," ग्लाशा म्हणाली. तिनं तालुक्याचा गवंडी ठरवला, सोमवारी येऊन धुरांडं फोडायला. आता फुटणार होतं ते नुसतं धुरांडं नव्हे. येगोरिचचं साऱ्या जन्माचं नाव त्या विटांबरोबर खाली येणार होतं.

"ग्लाशाच्या धाकटीची तू धर्ममाता," येगोरिच म्हणाले. "तुझं ऐकेल ती. तिला सांग, फोडू नकोस म्हणावं."

"सांगते. पण तुम्ही स्वतः का जात नाही हो?"

त्यांनी टोपी हातात फिरवली. मीठ संपलं होतं म्हणून मी तळघरात उतरले. चुलीच्या तव्यावर सारणासाठी कांदा परतत ठेवला होता. म्हटलं, येगोरिच बसलेत, लक्ष असेलच. खाली मिठाच्या पिशवीला उंदीर लागलेला, ती नीट बांधता बांधता उशीर झाला. वर आले तर कांद्याचा कोळसा, आणि येगोरिच तव्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत शांत बसलेले.

"अहो येगोरिच! कांदा!"

ते दचकले. "माझी पाठ होती तिकडं."

"पाठ केली की नाक बंद होतं का?"

मी बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. तवा तसाच हातात धरून मी उभी राहिले.

"नाक गेलंय, दून्या," ते म्हणाले. "तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेलं. मार्फाच्या स्मरणाला पाद्रीबाबांनी धूप जाळला, आणि मला वाटलं, आज धूप संपला वाटतं."

"मग ग्लाशाची चूल?"

"मेणबत्तीनं तपासली. एकेका सांध्यापाशी ज्योत धरली, कुठं हलली नाही. चूल घट्ट आहे, त्याची शपथ घेईन. पण तिथं गेलो आणि ती म्हणाली, घ्या वास, तर काय करू? खोटंच नाक फेंदारू? खरं सांगितलं तर वरच्या टोकाची प्रास्कोव्या वसंतात तिची नवी चूल मला बांधू देईल का? नाक नसलेल्या गवंड्याला कोण विटेला हात लावू देतं?"

इकडे आड तिकडे विहीर. गेले नाहीत तर अंडं घातल्याचा आळ, गेले तर नाक गेल्याचं उघड.

"तुझं नाक चांगलं आहे," ते खाली बघत म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

मी कोबीवर ओलं फडकं टाकलं, "प्रभू, दया कर" म्हणून रुमाल डोक्याला बांधला आणि निघाले.

ग्लाशा दारातच उभी. "या, या! अंडं न्यायला आलात का?"

"अंडं तुझ्या कोंबडीचं असेल तर तुलाच ठेव," येगोरिच म्हणाले.

"बघितलंस दून्याताई, जीभ कशी चालते! निरोपाला मात्र पाय चालत नाहीत."

"ग्लाशा, आधी आत येऊ दे," मी म्हटलं.

आत गेल्याबरोबर मी रुमालाचं टोक नाकाला लावलं. चूल सकाळपासून पेटलेली, पांढरीशुभ्र, नवरीसारखी. आणि वास असा की डोळे चुरचुरावेत. येगोरिचनी चुलीच्या बाजूची, काजळी झाडायची छोटी खिडकी उघडली, तिच्या तोंडाशी बसवलेली अर्धी वीट काढली आणि मला खुणावलं. मी वाकून हुंगलं. काजळी, तापलेली वीट, बस्स. दुसरी खिडकी, तेच. राखेच्या कप्प्यात राख. मग शिडी चढून माळ्यावर गेले. धुरांड्याचा गिलावा तिथं कोरडा ठणठणीत, पांढरा न केलेला. वासाचं नाव नाही.

"काही नाही," मी वरूनच सांगितलं.

"काही नाही कसं?" ग्लाशा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मग खाली काय अत्तर सांडलंय? आणि काय हो येगोरिच, सगळं तिला हुंगायला लावताय, तुमच्या नाकाला काय झालं?"

येगोरिच काढलेली वीट परत बसवायला वाकले. मी घाईघाईनं शिडी उतरले, शेवटच्या पायरीवर तोल गेला आणि आधाराला चुलीवरच कलंडले. गाल भिंतीला टेकला. आणि तो वास तोंडावर बसला. अंड्याचा नव्हे. उन्हाळ्यात धुवायची राहून गेलेल्या दुधाच्या बादलीचा.

"ग्लाशा, चुलीला सफेदी कधी दिलीस?"

"सणाच्या आधी. का? पाहुणे येणार, पाद्रीबाबा घर आशीर्वादायला येणार, मातकट चूल दाखवू का त्यांना?"

"ओली असताना?"

"वरून सुकली होती की!"

"आणि चुन्यात काय घातलंस?"

"सगळ्या घालतात तेच. मीठ, नीळ, दूध." ती थोडी थांबली. "दूध जरा हात सोडून घातलं. पोरं चुलीला पाठ लावून बसतात, कपडे पांढरे होतात ना. गायीला दूध मायंदाळ होतं, थोडं नासलं होतं. म्हटलं, भिंतीला कुठं पोट दुखतंय!"

साय काढलेलं चमचाभर दूध आम्हीही चुन्यात घालतो, म्हणजे चुना अंगाला लागत नाही. हिनं बादली ओतली होती, तीही आतून ओल्या मातीवर.

तोंडानं सांगून ग्लाशाला पटणार नव्हतं. मी सुरीनं सफेदीचे पापुद्रे खरवडले, लोखंडी फावड्यावर घेतले आणि निखाऱ्यांवर धरले. क्षणात असा भपकारा उठला की ग्लाशा तोंड दाबून अंगणात पळाली. मांजर तिच्याही पुढं. मग पापुद्र्याखालची नुसती माती खरवडून तशीच तापवली. मातीचा वास आला, मातीसारखाच.

ग्लाशा डोळे पुसत आत आली आणि बाकावर बसली. "देवा! सोमवारी मी फोडणार होते ही चूल." मग तिनं येगोरिचकडे पाहिलं. "पण तुम्ही निरोपाला आला असतात तर तेव्हाच कळलं नसतं का?"

"त्यांना बरं नव्हतं..." मी सुरुवात केली.

"दून्या, राहू दे." येगोरिच उभे राहिले. "ग्लाशा, मला वास येत नाही. तापात नाक गेलं."

"काहीच नाही येत? धूर?"

"धूर दिसतो."

"आणि आर्सेनी लसूण खाऊन शेजारी बसला तरी?"

"काही नाही."

"नशीबवान आहात," ती म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो. पण हसू ओसरलं तशी ती हळू आवाजात म्हणाली, "तरी हे लपवायला नको होतं, येगोरिच. माझी पोरं निजतात या चुलीवर."

"नको होतं," ते म्हणाले. एवढंच.

ग्लाशानं पीठ मळायला घेतलं, येगोरिचना खुर्ची ओढून दिली, "बसा, पाव भाजते, तुमचा तो देणं राहिलाच होता माझ्याकडे." ते बसले नाहीत. आधी ही सफेदी निघू दे, म्हणाले, आणि खरवडणी मागून घेतली. चूल निववली, तिघांनी मिळून खरवडली. आर्सेनी संध्याकाळी आला तेव्हा त्याला दारातच कळेना, चूल पांढरी झालीय की आम्ही. पाव शेवटी चुलीत नव्हे, शेजारणीकडे भाजून आणावा लागला. येगोरिचनी दोन तुकडे खाल्ले आणि मासा कुठला म्हणून विचारलं. चव लागत नाही त्यांना फारशी, तेही मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघं घरी निघालो. तालुक्याच्या गवंड्याला ग्लाशा नको म्हणून कळवणार होती, अंड्याची गोष्ट संपली होती. पण ग्लाशाची जीभ मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. दूध सांगताना ती नाकही सांगणार.

"प्रास्कोव्याला दुसऱ्याकडून कळायला नको," ते माझ्या फाटकाशी थांबून म्हणाले.

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणेल. चूल तिच्या घरात बांधायची आहे."

"पहिल्या धुराला माझं नाक हवं असेल तर सांगा तिला, दून्या येईल म्हणावं."

"सांगतो. पण ते नंतर. आधी नाकाचं."

देव त्यांचे हात शाबूत ठेवो. मी फडकं काढून उरलेला कोबी चिरायला बसले. उद्या सकाळी साव्वा येगोरिचना गावाच्या वरच्या टोकाला, प्रास्कोव्याकडे जायचं आहे, आपलं नाक गेलंय हे सांगायला.