दादाला दिलेला कारल्याचा रस

दादाच्या हिंगण्याच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मी सकाळच्या शाळेत फळ्यावर तारीख लिहीत होते. "ताई, तुमचे भाऊ गाडीवरून पडले. लवकर या," त्याच्या पाळीतला एक कामगार सांगत होता. मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मार डोक्याला लागला. पण आणलं तेव्हा साखर फारच खाली होती, गाडीवरच भोवळ आली असावी. "मधुमेहाच्या गोळीशिवाय आणखी काही घेत होते का?"

वडील गेल्यावर दादानं शिक्षण सोडलं, कारखान्यात लागला आणि मला मास्तरीण केलं. म्हणून त्याला मधुमेह निघाला, तेव्हा आता आपली पाळी, असं मी मनाशी ठरवून टाकलं. लहानपणी जंत झाले की आई कारल्याच्या पानांचा रस पाजायची. कडू पोटात गेलं की रोग पळतो, हे आमच्या घरचं शहाणपण. ओळखीच्या वैद्यांनी बजावलं होतं, "भाजी खुशाल खाऊ द्या. रस मात्र गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." मी ते दादाला सांगितलं. तो हसला. "कारलं म्हणजे भाजी वं. भाजीचं काय विचारायचं डॉक्टरले?" खरं तर मलाही तेच ऐकायचं होतं.

मग रोज कामावर निघण्याआधी मी काढून दिलेला पेलाभर रस. डोळे मिटून एका दमात प्यायचा आणि पुष्कळदा नाश्ता न करताच गाडीला किक मारायचा. साखर उतरली, आम्ही खूश. एकदा जिन्यातच बसला, अंगाला दरदरून घाम. "हात काहून थरथरून राहिले वं माझे?" मी म्हटलं, "रस लागू पडतोय, दादा." हे माझे शब्द. आता ना गिळता येत, ना थुंकता येत.

दीड महिना झाला. कुणी मला दोष देत नाही, त्यानंच जीव जास्त घुसमटतो. परवा वहिनीनं कारखान्यातून आलेली त्याची पिशवी उघडली. आतल्या कप्प्यात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी निघाली, न फोडलेली.

"डॉक्टरनं जवळ ठेवायले सांगितल्या होत्या," वहिनी म्हणाली. "घाम सुटला की लगेच तोंडात टाकायच्या. मी रोज विचारायची, खाल्ली का?"

तिनं पुडी माझ्या हातात ठेवली.

"तर म्हणत, सुनंदा एवढ्या मेहनतीनं रस काढते, वरून साखर खाऊन तो काहून वाया घालवू?"