मुठीत धरलेलं इंजेक्शन

सिरिंजचा दांडा पुढं सरकेना. मी अंगठा जरा जोरात दाबला, तरी नाही. मायक्रोस्कोपमधून मला कुसुमताईंच्या कानाचा पडदा दिसत होता, पडद्यातून आत गेलेली बारीक सुई दिसत होती, आणि सुईच्या टोकाशी मोहरीएवढा पांढुरका गोळा. बाकी सगळं औषध सिरिंजमध्येच जमून बसलं होतं.

"सिस्टर, हे बर्फातून कधी काढलं?"

"झाला की थोडा वेळ मॅडम," सुनंदा सिस्टर मागून म्हणाल्या. "मुठीत धरलं होतं. कोमट केलं ना."

"अहो, काय करून बसलात हे!"

मी ओरडलेच. कुसुमताईंना ते ऐकू गेलं नाही. त्या एका कुशीवर तशाच निवांत पडून होत्या. पण त्यांचे यजमान भास्करराव पायाशी स्टुलावर बसले होते, बायकोचं पाऊल हातात धरून. त्यांना दिसत नाही. त्यांनी मान वळवली, कान माझ्या दिशेला केला आणि विचारलं, "काय झालं मॅडम?"

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. नवीन जालन्यात एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी करते. ही दोघं केदारखेड्याची. तिथं त्यांची पिठाची गिरणी आहे. भास्करराव लहानपणापासून आंधळे. पीठ किती बारीक पडलं ते दोन बोटांत चोळून सांगतात. कुसुमताईंचा डावा कान लहानपणीच पू होऊन गेला होता. सगळा संसार उजव्या कानावर चालला होता. एका सकाळी त्या उठल्या तर तोही बंद.

याला आम्ही सडन हिअरिंग लॉस म्हणतो. आतल्या कानात अचानक बिघाड होतो, बऱ्याचदा कारण सापडत नाही. सुरुवातीच्या थोड्याच दिवसांत स्टेरॉइड पोचलं तर काहींचं ऐकू परत येतं. मग उशीर होत जातो आणि दार बंद. या दोघांचा पहिला आठवडा गावात तेल घालण्यात आणि मळ काढण्यात गेला.

पहिल्या दिवशी कुसुमताई माझ्यासमोर बसून मोठ्यानं बोलत होत्या. ऐकू येत नसलं की आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. "मॅडम, मला बाकी कुनाचं न्हाई ऐकू आलं तरी चालंन. पन यांचं बोलनं कळंना. मी हातानं खुना केल्या तर यांना दिसत न्हाई. आमी दोघांनी बोलायचं कसं?"

मी केसपेपर लिहीत राहिले.

गोळ्या लगेच सुरू केल्या. पण गोळीतलं औषध आतल्या कानापर्यंत फार थोडं पोचतं. म्हणून पडद्यातून सुई घालून मधल्या कानात इंजेक्शन देतात. तिथून ते एका नाजूक पापुद्र्यातून आत झिरपतं. यातही एक पंचाईत आहे. मधल्या कानातून घशाकडं एक नळी जाते. पेशंटनं चार वेळा आवंढा गिळला की निम्मं औषध घशात. दुसरी पंचाईत म्हणजे गार औषध कानात गेलं की खोली गरगरा फिरते. पहिलं इंजेक्शन कुसुमताईंना तसंच गेलं. त्या ओकल्या, टेबलावरून पडता पडता वाचल्या. त्या दिवसापासून सुनंदा सिस्टर प्रत्येक इंजेक्शन आधी मुठीत धरून कोमट करायच्या. आमच्या खात्यात कानात घालायचं काहीही असो, थेंब असोत नाहीतर पाणी, आधी कोमट करायचं. नवीन आलेल्या पोरींना सिस्टर हेच पहिलं शिकवतात, आणि बरोबरच शिकवतात.

दोन साध्या इंजेक्शनांनंतर ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, खालच्या सुरांना जरासा फरक दिसला. कुसुमताई म्हणाल्या, "काल गिरनीचा पट्टा गुनगुनल्यावानी वाटला." भास्करराव लहान मुलासारखे हसले. मलाही फार बरं वाटलं. आता जोर लावायची वेळ होती.

त्याच सुमारास संभाजीनगरच्या एका कॉलेजात हायड्रोजेलवर काम चाललं होतं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा मऊ गर. थंड असताना पाण्यासारखं पातळ, सुईतून सहज जातं. अंगाची ऊब लागली की जमतं. मग ते घशात वाहून जात नाही. त्या पापुद्र्याला चिकटून बसतं आणि आतलं स्टेरॉइड कित्येक दिवस थोडं थोडं सोडत राहतं. या कॉलेजचं जेल उकडलेल्या अंड्यासारखं होतं, एकदा जमलं की परत पातळ होत नाही. कुसुमताईंसाठी खास मंजुरी काढली, दोघांची सही-अंगठा घेतला. बर्फाच्या डब्यातून एक डोस आला. एकच.

डोस यायच्या आधी आमच्याकडं ट्रेनिंग झालं होतं. कॉलेजचे दोघं आले, पडद्यावर इंग्रजीत स्लाइडी दाखवल्या. आम्ही डॉक्टर लोक पुढं बसलो होतो. 'डू नॉट वॉर्म' लाल अक्षरात होतं, मी स्वतः वाचलं. सुनंदा सिस्टर आणि बाकीच्या तेव्हा काय करत होत्या? आमच्या खात्याच्या मोठ्या सरांनी त्यांना चहा-बिस्किटांवर लावलं होतं. सिस्टरना निरोप एवढाच गेला, की डोस बर्फात ठेवायचा. तो त्यांनी ठेवला. बर्फात तर आमच्या कितीतरी लशी ठेवतात, आणि त्या देताना बाहेर काढतातच की!

त्या दिवशी मी कानात बधिर करायचं औषध घातलं. ते चढेपर्यंत मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं, कोणी पाहुणे आले होते. तेवढ्यात कुसुमताईंनी सिस्टरचा हात धरला. "सिस्टर, गार नका देऊ हं. त्या दिवशीवानी घेरी येईन." सिस्टरनी मान हलवली आणि माझी वाट बघत सिरिंज मुठीत धरून उभ्या राहिल्या.

सुई बाहेर काढून मी तडक मोठ्या सरांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"पेशंटला कळलंय?"

"तिला ऐकू येत नाही सर."

"तेच म्हणतो. नीडल ब्लॉक झाली म्हणून सांगा. ते काय खोटं नाही."

"अर्धंच आहे ते."

"मॅडम, पूर्ण सांगून तिचा कान येणारे का?"

माझं टाळकं सटकलं. मी दार जरा जोरातच लावलं.

त्या दोघांना काही सांगायचं म्हणजे लिहावंही लागे आणि बोलावंही लागे. मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहीत गेले आणि लिहिता लिहिता वाचत गेले. भास्कररावांना ओळ आधी कळायची, कुसुमताईंना मागून. औषध गरम झालं, जमलं, आत गेलं नाही, एवढं मी म्हणाले आणि भास्कररावांचा चेहरा पडला. कुसुमताई कागद सोडून नवऱ्याकडंच बघायला लागल्या. खालच्या ओळी त्यांनी नंतर वाचल्या.

"आमाला सांगायचं ना मॅडम!" भास्करराव म्हणाले. "हातात धरायचं न्हाई, एवढं सांगायला किती टाइम लागतो? ती सांगत होती गरम करा, मी तिथंच बसून ऐकून राह्यलो होतो. मीच नको म्हनलो असतो!"

सिस्टर दाराशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. कुसुमताईंना त्या दिसल्या. त्या केवढ्यांदा तरी म्हणाल्या, "त्यांना बोलू नका कुनी. मीच म्हनले होते." व्हरांड्यातले पेशंट वळून बघायला लागले.

नवा डोस बनवायचा, तपासायचा, परत मंजुरी, यात दिवस गेले. मधे मी साधी इंजेक्शनं देत राहिले, कोमट करून. जेलचा दुसरा डोस आला तेव्हा मी स्वतः डबा मांडीवर घेऊन बसले आणि औषध थंडगार दिलं. खोली फिरली, त्या ओकल्या. पण जेल जिथं बसायला हवं तिथं बसलं. फरक पडला नाही. उलट गिरणीच्या पट्ट्याची गुणगुणही गेली. पहिला डोस नीट गेला असता तर ऐकू आलं असतं का? लोक मला विचारतात. मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणंच मला जास्त छळतं.

कानाचं मशीन लावून उपयोग होण्याइतकं ऐकणं उरलं नाही. ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात त्या इम्प्लांटसाठी कागद पाठवलेत. मदत आधी लहान मुलांना मिळते, मोठ्या माणसाचा नंबर कधी लागेल कोण जाणे. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप फोनवर घालून दिलं. गिरणी सुरू झाली की ते भलतंच काहीतरी लिहितं.

आता आमच्याकडं ट्रेनिंग असलं की सिस्टर पुढच्या खुर्च्यांवर असतात आणि चहा बाहेरच्या टपरीवरून येतो. नुसतं काय करायचं ते सांगून भागत नाही, का ते सांगावं लागतं. आमच्या हॉस्पिटलनं एवढं शिकायला कुसुमताईंचा कान घेतला.

परवा दोघं तपासणीला आली होती. कुसुमताई आता ओठांवरून थोडं ओळखतात. पण आंधळा माणूस बोलताना समोरच्याकडं तोंड करत नाही, कान करतो. जन्मभराची सवय. म्हणून भास्करराव बोलायला लागले की त्या हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडं वळवून घेतात. मी विचारलं, "काय भास्करराव, जेवणखाण बरं चाललंय ना?"

ते माझ्याशी बोलले, पण तोंड बायकोकडं करून. एकेक शब्द सुटा सुटा.

"राग नका मानू मॅडम. तुमच्याकडं तोंड केलं, तर हिला वाटंन मी गप बसलोय."