आईची पांढरीशुभ्र वही

कापराचा वास आला की मला आईची आरत्यांची वही आठवते. आई गेल्यावर बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरात त्या वहीची पानं सुटायला लागली होती. बाबा म्हणाले, “अशी इकडेतिकडे पडायला नको, गंगेत सोडू. आधी तुझ्या मोबाइलमध्ये घे.” मी एक फुकटचं स्कॅनर ॲप डाउनलोड केलं. पिवळं पान ते क्षणात पांढरंशुभ्र करायचं, त्याचं मला केवढं कौतुक! “सगळं आलं ना?” बाबांनी विचारलं. मी न बघताच हो म्हटलं. त्यांनी पायरीवर वाकून झेंडूच्या फुलांसकट वही पाण्यात सोडली, आणि मी सहज फोन उघडला. शाईतल्या आरत्या होत्या; समासात आईने पेन्सिलीने लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. कुठे सूर चढवायचा, कुठल्या कडव्याला मी तिच्या मांडीवर झोपून जायचो, ते सगळं ॲपने डाग समजून पुसून टाकलं होतं. वही अजून दिसत होती, धारेला लागलेली. घाटावर वाढूनही मला पोहता येत नव्हतं. बाबा हात जोडून उभे होते. आजही आरतीच्या वेळी ते माझा फोन डोळ्यांजवळ धरतात आणि म्हणतात, “किती साफ दिसतं रे!”