आधी समोरच्याचं म्हणणं

राव बाई गेल्याची बातमी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आली, ती पाण्याच्या टँकरची वेळ आणि लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना यांच्या मधोमध. पाठोपाठ जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. एका गृहस्थाने सवयीने अंगठा दाखवला आणि थोड्या वेळाने तो काढून त्यानेही हात जोडले. बाईंना हात जोडणाऱ्या सगळ्यांपेक्षा त्या अंगठ्याबद्दलच कुतूहल वाटलं असतं. घाईत झालं की मनातलं होतं, हे त्यांनी त्या गृहस्थाला जिन्यात गाठून विचारलं असतं, आणि तेही न रागावता.

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आम्ही वर्षानुवर्षं शेजारी होतो. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. त्या मूळच्या तंजावरच्या, म्हणजे ज्यांची घराणी कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आली अशा मराठी माणसांपैकी. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता, आणि आमच्याकडे केव्हाच वापरातून गेलेली रूपं त्या सहज बोलून जात. माझी मराठी ऐकली की आपण एखादं सरकारी पत्रक वाचतोय असं वाटतं, असं त्या म्हणत. इथे त्यांची वाक्यं मी माझ्याच मराठीत देतो आहे; त्यांना ती बेचव लागली असती.

अंबत्तूरच्या बाजूला मुलींच्या एका अनुदानित शाळेत त्या समाजशास्त्र शिकवायच्या. मांबलमहून लोकलने पार्क स्टेशनला उतरायचं, चालत सेंट्रलला जायचं आणि तिथून दुसरी गाडी पकडायची. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एक दिवस हा प्रवास त्यांनी सोडला नाही, कारण नववीचा एक तास त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्या तासाला वेळापत्रकात काहीतरी भारदस्त नाव होतं. मुली त्याला ‘मिसचा तास’ म्हणत. काम साधं होतं. शाळेतली सुधारायला हवी अशी एक गोष्ट मुलींनी निवडायची, तिची नीट माहिती काढायची, आणि ज्याच्या हातात निर्णय असेल त्याच्याकडे जाऊन ती मागायची. मात्र मागण्याआधी एक अट होती. जो ‘नाही’ म्हणणार, त्याच्याकडे आधी जायचं, त्याचं म्हणणं लिहून आणायचं, आणि त्यालाच वाचून दाखवायचं. “हो, हेच माझं म्हणणं” असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत आपली मागणी उच्चारायची नाही. मी बँकेत ग्राहकांची मनं जिंकण्याच्या कितीतरी प्रशिक्षणांत जेवलो आहे, पण असं काही तिथे कुणी सांगितलं नाही.

एका वर्षी मुलींनी गच्चीवरचा पत्र्याचा वर्ग निवडला. तिथे सातवी भरायची. मार्च लागला की दुपारी त्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच होती. मुलींनी शाळाभर फिरून प्रत्येकाला विचारलं, वर्ग तापतो का? सगळ्यांनी हो म्हटलं. मोठ्या अभिमानाने त्यांनी ते बाईंपुढे ठेवलं. ज्याला ‘नाही’ असं उत्तर येऊच शकत नाही तो प्रश्न नव्हे, ती आरती झाली, असं म्हणून बाईंनी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला कळलं की सातवीच्या मुलींना खाली यायचंच नाहीये. खालच्या रिकाम्या खोलीला मुख्याध्यापिकांच्या कार्यालयाची भिंत लागून होती. वर निदान मोकळेपणी बोलता तरी येत होतं. त्यांना वर्ग तोच हवा होता, फक्त थंड. मग नववीने तोडगा काढला, पत्र्यावर नारळाच्या झावळ्या घालायच्या. गावाकडे आजीच्या घरी तसंच असतं, गारवा राहतो, सगळ्यांना ठाऊक. त्या उत्साहात मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि त्यांनी एका शब्दात नाही म्हटलं.

त्याच आठवड्यात सेल्वी नावाची सातवीतली मुलगी त्या वर्गात चक्कर येऊन पडली. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी जरा चिडलोच. शाळेच्या समितीचे सचिव माझे बँकेतले जुने खातेदार होते, आणि त्यांना तेव्हा शाळेच्या फाटकावर कमान उभारण्याची घाई झाली होती. मी म्हटलं, मी त्यांना एक फोन करतो, कमान थोडी उशिरा होईल, पण छप्पर लगेच होईल.

“तुम्ही फोन केलात तर होईल,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी नळ बिघडला की मुली तुमचा नंबर शोधत बसतील.”

“तोवर मुली तिथे भाजतायत त्याचं काय, बाई?”

“तेही खरंच आहे,” त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. तो हट्ट आहे असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि थोडं अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना पुन्हा मुख्याध्यापिकांकडे पाठवलं, फक्त ऐकायला. शाळांवर झावळ्या घालायला बंदी आहे, आणि झावळ्यांनी पेट घेऊन एका शाळेत कितीतरी मुलं गेली म्हणून ती आहे, हे या राज्यात कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. मुलींना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या लहान होत्या. मुख्याध्यापिकांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, डोक्यावर झावळ्या आणि खाली मुली असतील, तर मला घरी जाऊन झोप लागणार नाही. मुलींनी ते जसंच्या तसं लिहून त्यांना वाचून दाखवलं. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, आणि हो म्हटलं. मग मुलींनी झावळ्यांचा विषय सोडून पत्र्याला वरून पांढरा रंग मागितला, आणि उन्हाळ्यात जेवणानंतरचे तास, एरवी फक्त पाहुण्यांसाठी उघडणाऱ्या सभागृहात घ्यायची परवानगी. दोन्ही मिळालं. कमानही झाली, अर्थात. तिची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

बाई गेल्यावर शाळेने शोकसभा घेतली. त्यांचं ज्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं ते त्यांच्या श्रवणशक्तीवर बोलले. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी फाटकाजवळ लावावी असं ठरलं, आणि असल्या पाट्यांची आयुष्यभर टिंगल केलेला मी सर्वांत आधी हो म्हणालो. मजकूर लिहून द्यायचंही कबूल केलं. त्याच सभेत, ओघाओघात, मुख्याध्यापिकांनी सांगितलं की मिसचा तास आता गणिताला जाईल. पुढल्या वर्षी बोर्डाची परीक्षा आहे.

पंधरवड्याने नववीच्या तीन मुली माझ्या घरी आल्या. बोलणं तमिळमधून. पाटी का हवी, त्यांनी विचारलं. मी ऐसपैस उत्तर दिलं, कृतज्ञता, पुढच्या पिढ्या वगैरे. एक मुलगी लिहून घेत होती. चार दिवसांनी त्या परत आल्या आणि तिने माझं म्हणणं मला वाचून दाखवलं. माझ्यापेक्षा थोडक्यात आणि बरंच बरं.

“सार, शेवटचं तुम्ही बोलला नव्हता,” ती म्हणाली. “पण आम्हाला वाटलं म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर खोडते.”

“वाच.”

“‘मुली मिसना विसरतील, अशी मला भीती वाटते.’ बरोबर आहे, सार?”

मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला... त्या तिघी थांबल्या होत्या. मी उत्तर दिल्याशिवाय त्या पुढचं एक अक्षर बोलणार नव्हत्या.

“हो,” मी म्हटलं. “हेच माझं म्हणणं.”

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांना पाटी नको, तास हवा. पाटीचा मजकूर मी लिहिलेला नाही आणि समितीला तसं कळवलं आहे. तासाचं अजून ठरायचं आहे. मुख्याध्यापिकांचं गणिताबद्दलचं म्हणणं मुलींनी दोनदा लिहून नेलं; दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, जवळपास, पण अगदी हेच नाही. सोमवारी मुली पुन्हा जाणार आहेत.