बिबियानाच्या भरल्या बादल्या

बिबियाना माझी आतेबहीण. उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ बेटावर आते-मामे बहिणींनी एकमेकींची टर उडवायचीच असते. सख्ख्या बहिणीला जे बोलता येत नाही ते आम्ही चारचौघांत बोलतो, आणि राग धरायचा नाही. म्हणून तिच्या खोकल्याचा विषय माझ्याच वाट्याला आला.

खोकला लहानपणीच्या न्यूमोनियापासूनचा. रोज सकाळी वाटीभर कफ, हिवाळ्यात दोन-तीनदा ताप. "आमच्या घराण्याचाच खोकला तो," म्हणायची आणि लोकांत तो गिळायची.

गेल्या वसंतात मात्र फजिती झाली. आमच्याकडे मुलानं मोसमातला पहिला सील मारून आणला की आईनं ओट्यावर उभं राहून खाली जमलेल्या बायकांवर बादल्यांतून भेटी उधळायच्या: कापडाचे तुकडे, साबण, गोळ्या-चॉकलेटं. प्रत्येक फेकीला जोरात हाळी द्यायची. थोरल्या मुलाच्या सीलच्या वेळी बिबियाना तिसऱ्याच फेकीला खोकून दुमडली. बादली जावेकडे द्यावी लागली.

त्या आठवड्यात वाफेच्या न्हाणीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बिबे, तुझा खोकला ऐकून सील पळतात बघ. उपाशी मारशील गावाला!"

बायका खिदळल्या. ती नाही हसली. "पुढच्या वर्षी धाकटा सिमियन आयुष्यातला पहिला सील आणेल," ती हळूच म्हणाली. "तेव्हाही बादली दुसरीच्याच हातात द्यायची का गं?"

 दुसऱ्याच दिवशी मी तिला विमानात बसवून बेथेलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

छातीचा स्कॅन बघून डॉक्टरीण म्हणाली, "श्वासनळ्या रुंद आणि ढिल्या झाल्यात. कफ आत साचतो, त्यात जंतू वाढतात. हे पूर्ण बरं होणार नाही, पण छान सांभाळता येतं. खोकला गिळायचा नाही बाई, कफ काढायचा."

मग रोजचा नेम सुरू झाला. थरथरणाऱ्या नळीत फुंकायचं, आरशावर वाफ सोडावी तसा तोंड उघडून श्वास सोडायचा, कुशीवर झोपायचं आणि कुणीतरी पसा करून पाठ थोपटायची. कुणीतरी म्हणजे मी.

"तुला बडवायचा परवाना डॉक्टरणीनंच दिलाय," म्हणत मी नाचाच्या गाण्यांचा ठेका धरायचे. ती उशीत तोंड खुपसून हसायची, आणि हसता हसताच कफ सुटायचा. कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला की त्याच दिवशी आरोग्यसेविकेकडे जायचं. धूर नको म्हणून मासे धुरावर सुकवायचं काम जावेकडे गेलं. त्यावर मात्र बाईसाहेबांनी दोन दिवस अबोला धरला. तो हिवाळा एकाच तापावर निभावला.

एप्रिलमध्ये सिमियननं सील आणला. त्या सकाळी बिबियानानं मला दोनदा पाठ बडवायला लावली. मग ओट्यावर चढली. पहिली बादली रिकामी झाली. दुसरी झाली. तिसरीला मी ओट्याजवळ सरकले. पाचवी बादली तिनं उपडी करून दाखवली आणि एका दमात, तालात गायली:

"मामाची लेक माझ्या पाठीवर ढोल वाजवते, कारण खऱ्या ढोलावर तिला ताल जमत नाही!"

हसून हसून बायका बर्फात बसल्या. आता फिरून टोमणा मारायची पाळी माझी. मी तोंड उघडलं, आणि मला रडूच फुटलं.

"बोल की गं!" बिबियाना वरून ओरडली. "का आता तुला दम लागला?"