शेंडे उडवलेला पानमळा

माझ्या थोरल्या बहिणीचे, रंगुअक्काचे, यजमान आबासाहेब बेलापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात पानमळा करत. गाव त्यांना शहाणं माणूस म्हणे. ज्या गावात आबासाहेब शहाणे ठरतात त्या गावाबद्दल मी काय बोलावं? मी त्यांना दाजी म्हणत असे, नात्यापुढे इलाज नव्हता म्हणून.

दाजींचा चिंगूसपणा पाण्यापुरता होता. दारी आलेल्याला ओंजळभर पानं सहज देतील, पण तांब्याभर पाणी द्यायचं म्हटलं की त्यांचा हात जड होई. स्वतःच्या अंघोळीला मात्र घंगाळ काठोकाठ भरलेलं लागे.

मळा खरा अक्काचा. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरच्या वेलाची कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिने आणली आणि विहिरीपाशी लावली. आधाराला शेवरीची झाडं होती. त्यांच्यावर वेल चढले, वर शेवरीचा पाला दाटला, आणि बाहेर रान करपत असतानाही आत गेलं की अंगाला ओलसर गारवा लागायचा. दाजींचं एवढंच की आत वहाणा घालून कुणी जायचं नाही, नागवेल विटाळते. नगरहून आलेल्या एका कारकुनाला त्यांनी मोज्यांसकट बूट उतरवायला लावले होते आणि ते पुढे वर्षभर सांगत फिरले होते. एवढी एक गोष्ट मला त्यांच्यात आवडायची, ती नोंदवून ठेवतो.

त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात गावच्या शाळेत सुमंत मास्तर आले. त्यांनी धड्यासाठी दाजींच्या घरची काचेची बरणी मागून नेली. बरणी फुटेल या काळजीने दाजी तिच्या मागोमाग शाळेत जाऊन बसले. मास्तरांनी शाळेपुढच्या लिंबाची एक पालेदार डहाळी बरणीत घातली, तोंड मेणकापडाने घट्ट बांधलं. दुपारपर्यंत काचेला आतून थेंब धरले. मास्तर सांगू लागले की झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. बैलाचा श्वास, माणसाचा घाम, सगळी ओल अशीच वर जाते, तिचे ढग होतात, आणि ती पुन्हा खाली येते. दाजी पहिल्या वाक्यालाच उठले होते. बरणी सोडवली, तळाशी जमलेलं पाणी बोटाने चाखलं, आणि बाकीचा धडा पोरांना ठेवून घरी आले.

चोर सापडला होता. आपली विहीर दर उन्हाळ्यात तळ का गाठते, हे त्यांना आता कळलं होतं. मग काय विचारता! म्हैस उसासली तरी ते तिच्या नाकपुड्यांकडे डोळे वटारून बघत. बैल घामाने निथळत परतले की, पाजलेलं पाणी फुकट घालवलं म्हणून त्यांनाच बोलत. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्यातून पिळून निघणारा घाम मात्र कष्टाचा होता. आणि गावकरी पारावर बसून माना डोलवत होते.

शिमगा झाला आणि दाजींनी कोयता काढला. वेलाला चढायला नुसता बुंधा पुरे, वर पिणारी तोंडं कशाला, असा त्यांचा हिशेब. अक्का आडवी आली. ती एरवी त्यांच्यापुढे बोलत नसे.

"आत गेलं की गार वाटतं, ते कशानं? शेवरी हाय म्हणून वाटतं," ती म्हणाली. "तिचा पाला गेला तर येल जगायचा न्हाई."

"त्यो गारवा माज्या हिरीतनं चोरलेला हाय," दाजी म्हणाले.

मीही बोललो, मास्तरही दोनदा येऊन गेले. दाजींनी त्यांना बरणी दाखवली. दोन दिवसांत एकूण एक शेवरीचे शेंडे खाली आले, आणि मळ्यात नुसते सोटे उभे राहिले.

पंधरा दिवस विहिरीला खरंच पाणी जरा वर राहिलं. ते पंधरा दिवस दाजींनी गावाला जगू दिलं नाही. काठावर नेऊन ज्याला त्याला ओली खूण दाखवत. मग चैत्राचं ऊन थेट वाफ्यांवर आलं. सकाळी पाजलेली माती दुपारी तडकू लागली. आडोसा देणारा पाला नव्हता, वेलांभोवतीची हवा ओली ठेवणारं काही नव्हतं. मळ्यातून तापलेला वारा मोकाट वाहू लागला. पानं कडेने पिवळी पडली, मग करपली. दाजींनी दिवसभर मोट चालवली. जे पाणी शेवरीकडून वाचवलं, ते सगळं आणि त्याच्यावर आणखी मातीत ओतलं, ते उन्हाने नेलं. वैशाखात विहीर कोरडी पडली आणि अक्काचा एकही वेल हिरवा राहिला नाही.

मी भेटायला गेलो तो त्याच आठवड्यात. मला दाजींचा भयंकर राग आला होता, चार शब्द सुनावायचेच असं ठरवून गेलो होतो. ते दोघं मळ्याकडे निघाले होते, वाळलेले वेल ओढून काढायला. मीही मागे गेलो. आतली जमीन तव्यासारखी तापली होती. कुंपणापाशी दाजी क्षणभर थांबले, पायांकडे बघितलं, आणि वहाणा न काढता तसेच आत शिरले.

अक्काने आपल्या वहाणा काढल्या आणि कुंपणाला नीट लावून ठेवल्या. आत पाऊल टाकताच चटका बसून ती कळवळली, पण मागे आली नाही.

"घाल की वहाना," दाजी मागे न बघता म्हणाले. "पाय भाजतील."

"मळ्यात वहाना घालत न्हाईत," अक्का म्हणाली.

दाजी थांबले. मला वाटलं, आता तरी काढतील. पण ते पुढे चालू लागले, आणि त्यांच्या वहाणांखाली वाळलेली पानं कुरकुर मोडत गेली. मी माझ्या वहाणा अक्काच्या वहाणांशेजारी काढून ठेवल्या. वाकून अक्काबरोबर वेल ओढू लागलो, अनवाणी.