उघडा डोळा

मिरजोळ्याच्या कारखान्यात मी बरण्यांची झाकणं करणाऱ्या मशीनवर होते. दिवाळीनंतर एके सकाळी ते सुरूच होईना; नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. मुंबईहून एक गृहस्थ आले, मूळचे देवरूखकडचे. मशीन चालू करणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. मशीनच्या विजेच्या पेटीत हात घालण्याआधी दरवेळी ते लोखंडाला बोटं टेकवत. मला वाटलं, नमस्कार करतायत.

"नमस्कार कसला! अंगातली वीज उतरवतो, नायतर चिप मरते," ते हसले. मग पाखराचं पिल्लू धरावं तशी तो प्रोग्राम साठवलेली चिप त्यांनी तळहातावर घेतली. तिच्या पाठीवर काचेची इवली खिडकी होती.

"हिच्यावरचा कागद कुठे गेला?"

खंडेनवमीच्या पूजेसाठी मशीन पुसताना तो मळका कागद मीच खरवडून काढला होता. पेटी तापते म्हणून तिचं दार आम्ही उघडंच ठेवायचो आणि ऊन थेट आत यायचं. एवढ्यातेवढ्यावरून मालकांनी बायकांना घरी बसवलेलं मी पाहिलं होतं. तरी त्या गृहस्थांना हळूच सांगून टाकलं.

"अगो बाय, हा डोळा झाकलेला असतो तोवरच हिला सगळं आठवतं. उन्हाने पुसून जातं." त्यांनी दुसरी चिप बसवली, काचेवर काळी पट्टी चिकटवली. "पुढच्या पूजेला कुंकू लाव हो, पण पट्टीवर."

मशीन धडधडू लागलं तसे मालक आले. "चूक कोणाची?"

मी मान खाली घातली. पेटी केव्हाच बंद झाली होती, तरी त्या गृहस्थांनी लोखंडाला बोटं टेकवली.

"उन्हाची," म्हणाले.